प्रवाळ नसलेल्या बेटावर दिल्लीचे साहेब

डोंबिवलीजवळच्या खाडीत एक बेट आहे आणि त्याचं नाव मी इथे लिहिणार नाही. मागे एका जागेचं नाव लिहिलं, तर पुढच्याच रविवारी तिथे वेफर्सच्या पुड्यांचा खच पडला होता. ज्यांना खरंच जायचंय त्यांनी मेल करा, आधी मी चार प्रश्न विचारीन.

बेटावर वीसेक घरं, भाताची शेतं आणि गोड्या पाण्याची एक तळी आहे. भोवती मातीचा बांध, बांधाबाहेर खाडीचं खारं पाणी. दरवर्षी मोठ्या उधाणाला हा बांध एकाच कोपऱ्यात फुटतो. खारं पाणी तळीपर्यंत पोहोचलं तर भात जातोच, प्यायचं पाणीसुद्धा होडीने आणावं लागतं. त्या कोपऱ्यात दगड लावायचे आणि बाहेरून तिवरांची झाडं वाढवायची, एवढंच आमच्या छोट्या निसर्गमंडळाला करायचंय. त्यासाठी आम्ही एका बड्या निधीकडे अर्ज केला. निधी कशासाठी, तर बेटांवरचे प्रवाळ आणि नैसर्गिक संसाधनं जपण्यासाठी. प्रवाळ आमच्या खाडीत औषधालाही नाही. आम्ही 'आणि'च्या पुढचं धरून बसलो.

यंदाच्या पहिल्याच उधाणाला बांध फुटला, आम्ही फोटो पाठवले आणि चक्क पाहणी ठरली. मदत फक्त बिघडलेल्या जागेला मिळणार होती, आणि आमचा कोपरा तर पुरता बिघडलेला होता. मी खुशीत पार्वतीकाकूंना फोन केला. बेटावरच्या गावकीत त्यांचा शब्द चालतो. म्हटलं, "काकू, दिल्लीहून साहेब येणारेत. तुम्ही काही करू नका हं, आहे तसं राहू द्या."

"बरा," काकू म्हणाल्या. मी फोन ठेवला आणि शांत झोपले. तिथेच चुकलं.

पाहणीच्या दिवशी डोंबिवली पश्चिमेहून रिक्षाने मोठागावच्या धक्क्यावर पोचले. होडी आधी ठरवून ठेवावी लागते आणि होडीवाला सांगेल त्याच वेळेला यावं लागतं, कारण भरती असेल तरच ती बेटाला नीट लागते. आमचे सक्सेना साहेब विमानतळावरून टॅक्सीने निघाले होते. रेल्वेने या म्हणून मी तीनदा कळवलेलं. शीळफाट्यावरून त्यांचा फोन आला, "मॅडम, ये सिग्नल है या पार्किंग?" काय सांगणार? वाचकहो, तुम्ही तरी रेल्वेनेच या.

साहेब पोचले तेव्हा ओहोटी लागलेली. पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, गळ्यात पाण्याखाली चालणारा कॅमेरा. होडीत बसल्यावर त्यांनी विचारलं, "पानी में कितना नीचे तक दिखता है?" हरेश, आमचा होडीवाला, त्याने वल्हं आवरलं आणि हात पाण्यात बुडवला. मनगटापुढचा पंजा दिसेनासा झाला. "इतना," तो म्हणाला. कॅमेरा मुकाट्याने पिशवीत गेला.

शेवटचा टप्पा चिखलातून चालायचा होता. साहेबांचा एक बूट चिखलातच राहिला, पण माणूस कुरकुरला नाही, हे कबूल करायला हवं. मी पुढे होते. फुटका कोपरा दिसायला लागला की सगळ्या त्रासाचं चीज होईल, असं मनात घोकत होते.

कोपरा फुटका नव्हता. ताज्या मातीने छान लिंपलेला, वरून सडा आणि सड्यावर रांगोळी. शेजारी अख्खं गाव इस्त्रीचे कपडे घालून उभं, आणि काकू नारळ घेऊन पुढे.

मी त्यांना बाजूला घेतलं. "काकू, काही करू नका म्हटलं होतं ना मी?"

"ता सगलेच बोलतान गो," त्या मला समजावत म्हणाल्या. "म्हनून कोन काय करत नाय का? पावना येनार न बांध फुटका दाखवायचा? घरटी एक मानूस बोलावला, दोन दिवसांत उरकला."

खरंय. माझ्या आईकडे कुणी 'जेवायचं काही करू नका' म्हणून आलं, तर आई पुरण घालते. हे मला कळायला हवं होतं, आणि तरीही मला तिथल्या तिथे डोकं आपटून घ्यावंसं वाटत होतं.

साहेबांना मी सांगितलं की ही नुसती माती आहे, सध्या भांग आहे, पाणी कमी चढतं म्हणून टिकलीय, पौर्णिमेचं उधाण आलं की जाईल. त्यांनी बांधावर पाय दाबून पाहिला. "लेकिन मॅडम, ये तो बहुत अच्छा मेंटेन किया है," ते मनापासून म्हणाले. काकूंना तेवढं हिंदी कळलं. त्यांचा चेहरा असा फुलला की मला पुढचं बोलवेना.

जेवण मात्र फक्कड होतं. तांदळाची भाकरी, खाडीच्या चिखलातल्या निवट्या माशांचं कालवण, सुकट. पैसे कुणी घेत नाही, म्हणून जाताना साखर, चहापत्ती घेऊन जा. साहेबांनी दोनदा भाकरी मागून घेतली. परतीची होडी संध्याकाळच्या भरतीला निघाली आणि वाटेत ते मला लक्षद्वीपचे फोटो दाखवत राहिले. निळंशार पाणी, रंगीत प्रवाळ. सुंदरच होते, नाही कशाला म्हणू.

घरी येऊन बूट धुतले. आठवड्याने उत्तर आलं. स्थानिकांनी जागेची निगा उत्तम राखल्याबद्दल अभिनंदन, सबब मदतीची गरज दिसत नाही. मी ते नवऱ्याला वाचून दाखवलं, तो हसला, आणि मी त्याच्याशी दिवसभर बोलले नाही. मोडलेलं तसंच ठेवून दाखवेल त्याला पैसे, आणि हातांनी सावरेल त्याला शाबासकी. हा राग अजून उतरलेला नाही.

पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी काकूंचा फोन आला. बांध त्याच कोपऱ्यात गेला होता आणि पाणी तळीकडे निघालं होतं. मागे फावड्यांचे आवाज येत होते. मी घाईघाईने म्हटलं, "काकू, मी आजच साहेबांना कळवते, ते पुन्हा येतील. फक्त तेवढे दिवस तो तसाच ठेवाल का?"

फावडी थांबली नाहीत.

"पानी आत येतंय ना गो," त्या म्हणाल्या.