सासूबाईंचा होकार

हे मी कुणाजवळ बोलले नाही. नवऱ्याजवळ नाही, पाठच्या बहिणीजवळही नाही. तुम्हाला सांगते — तुम्ही काही पार्से गावात आमच्या ओसरीवर येऊन बसणार नाही.

सासूबाईंची वाचा गेली, उजवं अंग लुळं पडलं. उरला डावा हात. न्हाऊ घालताना, पेज भरवताना आम्हा दोघींची एक भाषा झाली — एकदा दाबलं की होय, दोनदा दाबलं की नको. पाणी कढत आहे? केस विंचरू? घरात ही भाषा मलाच यायची. इतरांना घाई, हात धरून कोण बसणार? देवळात कौल लावला की त्याचा अर्थ गुरव सांगतो, तसं त्यांच्या मनातलं मी सांगायची. लोक म्हणायचे, सून असावी तर अशी. मला ते आवडायचं — फार आवडायचं.

मग मयेहून नणंद आली, गाडी घेऊनच. आईला आता आपल्याकडे नेते म्हणाली. खाटेशी वाकून तिने विचारलं, "आये, माझ्यावांगडा मयेक येतंस?"

सासूबाईंचा हात माझ्या हातात होता. त्यांनी दाबला. एकदाच — पण केवढ्या जोराने! माझी अंगठी बोटात रुतली.

मी म्हटलं, "नको म्हणतत. हंयच बरां म्हणतत."

का म्हटलं? दमले तर होतेच. त्या गेल्या असत्या तर माझीच पाठ जरा टेकली असती. सून कंटाळली असं वाड्यावरचे शेजारीपाजारी बोलतील, ही भीती होती. पण खरं सांगू? माझ्यावाचून दुसरं कुणीतरी त्यांच्या मनातलं ओळखेल, हेच मला सोसेना.

आमच्याकडे मिळालेला कौल कुणी उलटून विचारत नाही. नणंदेनेही विचारलं नाही. डोळे पुसत रिकाम्या गाडीतून परत गेली. सासूबाईंना ऐकू सगळं येत होतं — माझं बोलणंही त्यांनी ऐकलं होतं. आणि मी? मी त्यांची चादर नीट केली.

त्यानंतर त्या सात महिने होत्या. रोज बालदी घेऊन बसायची, हात हातात घ्यायची, विचारायची — पाणी कढत आहे? त्यांचा हात उघडाच राहायचा. शक्ती गेली आता, असं मी सगळ्यांना सांगितलं.

माझी लहान मुलगी शाळेतून आली की त्या तिचं बोट घट्ट धरायच्या. शेवटच्या आठवड्यापर्यंत. मी ते बघायची, आणि स्वयंपाकघरात निघून जायची.