उन्हाचं कारण

लातूरला क्लास लावला तेव्हा मला सगळ्यात बरं वाटलं ते तिथल्या पोरींच्या स्कार्फमुळं. उन्हात प्रत्येकीचं तोंड बांधलेलं. अर्धापूरला लोक लहानपणापासून माझ्या चेहऱ्यावरच्या काळ्या ठिपक्यांकडं बघत आले होते. इथं कुणाला काही दिसतच नव्हतं. वर्गात बाकीच्या स्कार्फ सोडायच्या. मी धुळीची ॲलर्जी आहे म्हणायचे.

एकदा सरांनी डीएनएची दुरुस्ती शिकवली. ऊन लागलं की कातडीच्या पेशीत डीएनएच्या शेजारशेजारच्या दोन कड्या एकमेकींना चिकटतात. पेशी तेवढा तुकडा कापून टाकते आणि समोरच्या धाग्यावरून नवा भरते. सगळ्यांच्या अंगात हे रोज चालू असतं, पण काही थोड्या जणांत ते जमत नाही, असं म्हणून त्यांनी पडद्यावर एका मुलाचा फोटो लावला. चेहरा माझ्यासारखाच. मागून कुणीतरी म्हणालं, "नको गं, बघवत नाही."

मी मान खाली घातली. सर सांगत होते, आई आणि वडील दोघांकडूनही बिघाड आला तरच हा आजार होतो. नात्यात लग्न असेल तर शक्यता वाढते.

माझ्या आईचे आईवडील भूकंपात गेले. तिच्या आत्यानं तिला घरी आणलं, वाढवलं, पुढं सून करून घेतलं. ती आत्या म्हणजे माझी आजी. आई पोटुशी असताना ग्रहणात भाजी चिरत बसली म्हणून पोरीचं तोंड असं झालं, असं आजी आल्यागेल्याला सांगायची. आई ऐकून घ्यायची.

सुट्टीत मी आईला सगळं समजावलं. तिला हलकं वाटेल अशी माझी कल्पना. तिचा तांदूळ निवडता हात थांबला.

"म्हंजी आत्यानं सून केलं म्हणून?"

मी हो म्हटलं. तिचा चेहरा असा उतरला की मला तिथं बसवेना.

"तिला सांगू नको," ती म्हणाली. "तिनं मला घर दिलं. गिऱ्हाणाचंच राहू दे."

पुढं माझ्या नाकावर गाठ आली. ती काढायला आई आणि आजी मला नांदेडला घेऊन गेल्या, तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, आईवडील नात्यातले का? आजी कौतुकानं म्हणाली, "हाव, माझ्या भावाचीच लेक हाय ही."

डॉक्टर काही बोलणार, तोच मी टाके कधी निघतील ते विचारलं. आईकडं बघायची मात्र माझी हिंमत झाली नाही.