बोगद्यातली गाडी

नव्वद सालानंतरच्या त्या वर्षांत, दिवाळीच्या सुट्टीत नाचणगावला सासुरवाडीला गेलो, की शेजारच्या हार्डवेअरवाल्यांनी मांडलेलं खेळण्यातलं गाव बघायला जायचंच. त्यांच्या ओसरीत खोक्यांची घरं, मोहरीची हिरवी शेतं आणि भोवताली रुळांवर फिरणारी सेलवरची आगगाडी असायची. पोत्याला माती लिंपून केलेल्या डोंगरातून ती जायची.

हार्डवेअरवाले अखंड बोलायचे. पण गाडी बोगद्यात शिरली, की वाक्याच्या मधेच थांबायचे आणि ती बाहेर आली, की तिथूनच पुढे सुरू करायचे. पहिल्या वर्षी मला हसू आलं. नंतर नंतर माझाही श्वास अडकायला लागला.

एकदा ते सांगत होते, "जवाईबुवा, यंदा पुलगावात सिमेंट..." आणि गाडी आत गेली. ती बाहेर आलीच नाही. आतली घरघरही थांबली.

बघायला आलेल्यांपैकी कोणीतरी म्हणालं, "सेल संपले असतीन, काकाजी." सगळे हसले.

"काऊन हासून राह्यले? आत माणसं हायेत," ते म्हणाले.

पुन्हा कोणी हसलं नाही. इतके दिवस खपून केलेला डोंगर त्यांनी दोन्ही हातांनी फोडला. दोन घरं त्यांच्याच गुडघ्याखाली चिरडली. कलंडलेली गाडी काढून त्यांनी एकेका खिडकीला डोळा लावला, मग ती रुळांवर ठेवली. ती चालू लागल्यावर माझ्याकडे वळून म्हणाले, "...मिळूनच नाई राह्यलं."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुन्हा गेलो. डोंगर उभा होता. बोगदा पहिल्यापेक्षा लांब होता.