देवमनचा डायरेक्ट पंखा

दर्यापुरात कोणाची गाडी तापली की ती देवमनच्या टपरीवर यायची. बसस्टँडमागे तीस वर्षं गाड्यांचं वायरिंग करणाऱ्या या माणसाचा त्यावर एकच इलाज ठरलेला होता. पंखा 'डायरेक्ट' करून द्यायचा.

गाडीच्या रेडिएटरला एक सेन्सर असतो. आतलं पाणी ठरावीक तापलं की तो पंखा लावतो, निवलं की बंद करतो. गाडी पळत असली तर समोरच्या वाऱ्यानंच भागतं. पंख्याची खरी गरज गाडी उभी राहिल्यावर. कंपनीच्या शहाण्यांची ही योजना देवमनला कधीच पटली नाही. "मे महिन्याचं ऊन, अन् पंखा बंद काहून ठेवाचा?" असं म्हणत तो सेन्सरची पिन काढी आणि दोन्ही वायरी एकमेकींना जोडून टाकी. मग किल्ली फिरवली की पंखा सुरू, ती काढेपर्यंत सुरूच. "आता टेंपरेचरच्या काट्याकडे पाहाचं काम नाही," हे वर ठासून सांगे. गिऱ्हाईक खूश, देवमन त्याहून खूश.

बायकोच्या, मैनाच्या, किडन्या निकामी झाल्या तेव्हा त्यानं एक जुनी गाडी घेतली. आठवड्यातून दोनदा अकोल्याला डायलिसिसला न्यायचं, तर जीपच्या गर्दीत तिला कसं कोंबायचं? गाडी दारात आली त्याच दिवशी त्यानं तिचा पंखा डायरेक्ट केला. मायेचा माणूस, त्याची मायाही वायरीतूनच यायची.

दोन वर्षं गाडी बिनबोभाट चालली. त्यात देवमनचे कान मंद झाले. हॉर्न तपासण्यात जन्म गेला, दुसरं काय होणार? पण कबूल करायचं नाव नाही. टीव्ही मोठा करायचा आणि आवाज बारीक म्हणून टीव्हीलाच शिव्या घालायच्या.

मे महिन्यातल्या त्या सकाळी गाडी सुरू झाली, तशी मैना म्हणाली, "अवो, पंखा नाही वाजून राहिला आज."

"डायरेक्ट हाये तो. त्याले काय धाड भरली?"

"मले ऐकू नाही येऊन राहिला."

"तुले मशिनीतलं समजते का मले?"

अकोल्याच्या वाटेवर म्हैसांगच्या पुढे रस्त्याचं काम चालू होतं. एकेरी वाहतूक, गाड्या उभ्या. मैनासाठी एसी लावलेला. दहा मिनिटांत बॉनेटमधून वाफ निघाली. काटा लाल रेघेच्या पार गेला होता, पण त्याकडे पाहायची सवय देवमननं स्वतःच मोडलेली.

बॉनेट उघडलं तर पंखा ठप्प. दोन वर्षं गरज असो नसो फिरून फिरून मोटरला वीज पोचवणारे कार्बन झिजून गेले होते. अकरा वाजता मैनाचा नंबर होता. तिचे पाय सुजलेले, श्वास लागलेला, आणि वर ते ऊन. एका भरलेल्या जीपच्या ड्रायव्हरला देवमननं हात जोडले, दोन माणसं टपावर चढली, तेव्हा मैनाला जागा झाली.

दवाखान्यात पोचेपर्यंत मशीन दुसऱ्याला लागलं होतं. नर्सनं तिला ऑक्सिजन लावून निजवलं. नंबर लागला दुपारी चारला. तोवर देवमन खाटेच्या पायथ्याशी बसून होता. मैना एकदाही बोलली नाही की मी सांगितलं होतं. बोलली असती तर बरं, असं त्याला वाटलं.

नवी मोटर बसवताना त्यानं सेन्सरही परत जोडला. मग ज्यांचे पंखे डायरेक्ट केले होते त्या एकेकाला बोलावून त्यांचेही सेन्सर जोडून देऊ लागला. "तूच तर म्हणत होता," असं लोक म्हणत. "म्हणत होतो. चुकलो," एवढंच तो सांगे.

पुढच्या खेपेला त्याच जागी गाड्या थांबल्या. पंखा आता आपल्या वेळेलाच लागणार होता, आणि देवमनचा जीव टांगणीला लागला. काटा चढत होता. कान टवकारून काही उपयोग नव्हता.

"मैना," तो म्हणाला, "मले ऐकू नाही येत व. लागला का पंखा?"

कान गेल्यापासून पहिल्यांदाच कबूल केलं गड्यानं. मैनानं एसी बंद करून काच खाली केली.

"नाही अजून."

तो थांबला.

"आता लागला," मैना म्हणाली.

खात्री करायला देवमननं काट्याकडे पाहिलंच नाही.