फिरता करंडक

तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याचा वास आला की मला मोहाडीतली आमची जुनी बॅडमिंटन स्पर्धा आठवते. फायनलआधी पाणी प्यायला मंचाकडे गेले, तर अध्यक्ष फिरत्या करंडकात पचकन थुंकले. त्या चांदीवर सगळ्या जुन्या विजेत्यांची नावं कोरलेली होती. "काका, त्याच्यात काहून थुंकून राहिले?" मी ओरडले. "धुऊन देतो ना बाई, तू जिंक तं आधी!" मी जिंकले. नळाखाली कसाबसा खंगाळलेला करंडक त्यांनी हातात दिला. तळाशी सुपारीचा चुरा तसाच होता. फोटोवाला म्हणाला, "मुका घे त्याचा." आज घरच्या बैठकीच्या खोलीतल्या त्या फोटोत मी करंडकाला ओठ टेकवून हसते आहे, आणि शी! ते हसू अगदी मनापासूनचं आहे.