मधधारेतली खुशी

आरमोरीच्या घाटावर सुकलू ढीवर नदीपार डोंगा चालवायचा. भाडं घाटाच्या ठेकेदाराचा माणूस काठावरच वसूल करी. सुकलूच्या वाट्याला उतारू देतील ती खुशी: कुणाची चिल्लर, कुणाचे पसाभर तांदूळ, अन् बहुतेकांचं नुसतं लांबलचक "येतोओ रे भाऊ".

त्यातही त्याच्या घरची रीत आडवी. खुशी पाण्यात घ्यायची नाही, उतारूचे पाय वाळूला लागल्यावरच हात पुढे करायचा. मधधारेत घेतलं तर गंगा घरातलं माणूस मागते, असं बाप सांगून गेला होता.

त्या भादव्यात सुकलूची बायको धुरपता बाळंत झाली. लेकरू गेलं, अन् तिचा ताप काही उतरेना. वैदूनं हात टेकले, नागपूरच्या दवाखान्यात न्या म्हणाला. नागभीडहून गाडीत बसायचं तर तिकिटापुरतीही दमडी घरात नव्हती. उसनं मागायला दार उरलं नव्हतं.

अशात पलीकडे जायला गुणवंतराव आले. तेंदूपत्त्याच्या ठेकेदाराचे मुनीम. काठावर त्यांचा आवाज ढोलासारखा. ए डोंगेवाल्या, बूट भिजले तर याद राख, वगैरे. मधोमध पुराच्या पाण्यात डोंगा गरकन फिरला, अन् ढोलाची पिपाणी झाली.

"सुकलूभाऊ, माझ्या बापा, सांभाळ रे. हे घे. सगळं घे."

हातात नोट फडफडत होती. धुरपताचं तिकीट, दवाखाना, सारं त्या एका कागदात. सुकलूनं पाहिलं अन् मान फिरवली.

"पाण्यात नाई जी. थडीवर द्या."

थडीवर पाय टेकताच गुणवंतराव खाकरले. धोतर झटकलं. ढोल परत घुमला. भाडं तिकडे दिलंय ना, मग हात कशाला पसरतोस, म्हणाले अन् चालू लागले.

परतीला बाजारच्या बाया बसल्या. त्यांच्यात इंदिराबाई कासारीण. अख्ख्या घाटाला ऐकू जाईल अशा गळ्यानं तिनं धुरपताची चौकशी केली. सुकलू वल्हं मारत राहिला. सकाळी निघताना धुरपतानं त्याला ओळखलं नव्हतं.

मधधारेत त्यानं वल्हं नुसतं रोवून धरलं. डोंगा थरथरत जागीच उभा राहिला.

"काऊन थांबलास रे?" इंदिराबाईचा गळा पहिल्यांदाच बारीक झाला.

"खुशी मागून राह्यलो, बाई. थडीवर कोणी देत नाई."

"अन् तुही रीत? गंगा माणूस मागते ना?"

"न मागताच चालली धुरपता. द्या."

बाया एकमेकींकडे पाहत राहिल्या. मग कमरेच्या गाठी सुटल्या. त्याचे दोन्ही हात वल्ह्यावर गुंतलेले, म्हणून इंदिराबाईनं चिल्लर त्याच्या दुपट्ट्याच्या टोकाला बांधली. बांधताना तिनं पाण्याकडे पाहिलं नाही.

थडी आली तशी सुकलूनं उडी टाकली. किती झाले तेही न पाहता तो घराकडे पळत सुटला. मोकळा डोंगा धारेला लागायला लागला, तेव्हा बायांनीच चिखलात उतरून दोर धरला.