भस्माची तुटकी रेघ

माझ्या नवऱ्याच्या कपाळावरची भस्माची मधली रेघ तुटक यायला लागली, तेव्हा मला पहिला संशय आला.

आमच्या घरी रोज आंघोळ झाली की डाव्या तळहातावर गळ्यातलं इष्टलिंग घेऊन पूजा व्हायची, आणि मग उजव्या हाताची तीन बोटं ओल्या भस्मात बुडवून कपाळावर ओढायची. लग्नात मी ह्यांच्या रेघा पहिल्यांदा पाहिल्या, तेव्हा त्या पट्टी धरून काढल्यासारख्या सरळ होत्या. आता वरची नि खालची कशीबशी उमटत होती आणि मधली दोन ठिकाणी तुटत होती. मी बोटं बघितली. तिन्हींची पेरं सोललेली, मधल्याचं तर लालभडक.

"काय झालं?" मी विचारलं.

"मोटेच्या नाड्यानं सोललं."

नाड्यानं तळवा सोलतो, बोटांची पेरं नाही. मी शेतकऱ्याचीच लेक. हे खोटं बोलतायत एवढं मला कळलं, पण कशासाठी ते कळेना. त्याच आठवड्यात माझ्या पेटीतून आईनं दिलेला हिरवा खण नाहीसा झाला. नवऱ्याची बोटं सोललेली आणि बायकोचा खण गायब, यावरून कुठलीही बाई जो अंदाज बांधेल तोच मी बांधला. नदीवर धुणं धुताना मी गावातल्या बायकांच्या चोळ्या निरखायला लागले. एक-दोघींनी तर मला विचारलंसुद्धा, "असं काय बघायलीस गं?"

निजामाच्या राजवटीचे ते शेवटचे दिवस होते. लोकांनी सरकारवर उठू नये म्हणून गावात होत्या तेवढ्या बंदुका ठाण्यात जमा करून घेतल्या होत्या. चुडाव्याच्या स्टेशनावर कोण उतरलं आणि कुणाच्या घरी गेलं, याची चौकशी संध्याकाळपर्यंत गावभर व्हायची. कुणाचा कुणावर भरवसा नव्हता. माझा तर घरातही नव्हता. मी चुलीपाशी गेले की सासूबाई आणि हे बोलता बोलता गप्प व्हायचे, आणि सासूबाई उगाच पिठाच्या डब्याचं झाकण उघडून बघायच्या.

एका दुपारी भाकरी घेऊन शेतात गेले, तर विहिरीवर हे नव्हते. बैल सावलीत रवंथ करत उभे होते. मी बांधाबांधानं ओढ्याकडे गेले. खाली खोलगट जागेत गावातली चार-पाच माणसं वेळूची धनुष्यं घेऊन कडब्याच्या पेंढीवर नेम धरत होती. त्यात हे होते, आणि ह्यांच्या तीन बोटांना माझा हिरवा खण गुंडाळलेला होता.

बाई नाही हे बघून जीव भांड्यात पडला, पण तो क्षणभरच. शेजारच्या गावात जमादारानं सगळ्या तरुणांना चावडीवर हात पुढे करायला लावले होते, आणि ज्यांची बोटं अशी सोललेली निघाली त्यांना ठाण्यात नेलं होतं. त्यातला एकही अजून घरी आलेला नव्हता. ही बातमी आमच्या चुलीपाशी आली होती, आणि तरी हे उघड्या बोटांनी फिरत होते.

"मला कशापायी न्हाई सांगितलं?" मी परतताना विचारलं.

ह्यांनी खाली बघितलं. "आई म्हणली, तिचा भाऊ कचेरीत हाय."

खरंच होतं. माझा थोरला भाऊ अण्णा तहसील कचेरीत अहलकार, म्हणजे कारकून होता, सरकारचा पगार खात होता. पण म्हणून मी माझ्याच कुंकवावर उठणार होते की काय? मला इतका राग आला की ह्यांना मागं टाकून मी झपझप घरी आले. दुसऱ्या दिवशी मात्र ह्यांची बोटं वाचवायच्या मागे लागले. हे काही ऐकून धनुष्य सोडणाऱ्यातले नव्हते.

कापड बाद होतं. त्याचे धागे धनुष्याच्या अंबाडीच्या दोरीत अडकायचे आणि बाण भलतीकडे जायचा. मग शिंप्याकडून, सुई टोचू नये म्हणून बोटात घालतात ती पितळी अंगुस्तानं आणायला गेले. तीन मागितली.

"तीन? काय शिवायलाव?"

"गोधडी."

"तीन बोटांनी?"

मी पैसे ठेवून ती उचलली, पण तो दारात येऊन माझ्याकडे बघत राहिला. त्या बघण्यानं मला दोन दिवस अन्न गोड लागलं नाही. आणि इतकं करून पितळेवरून दोरी सटकत होती. मग जुन्या वहाणेचा तुकडा लावून बघितला. तो इतका जाड आणि कडक की दोरी कधी सुटली तेच ह्यांना कळेना. मऊ चामडं हवं होतं. चांभाराकडे जाता आलं असतं. तो आमचाच माणूस, पण त्या दिवसांत आमचा कोण याचीच खात्री नव्हती.

शेवटी मला विहिरीवर टाकलेली जुनी मोट आठवली. तिची पाणी ओतायची चामड्याची सोंड वर्षानुवर्षं पाणी आणि एरंडेल पिऊन कानाच्या पाळीसारखी मऊ झाली होती. घरात चामडं उंबऱ्याच्या आत येत नसे, म्हणून मी गोठ्यात बसले. तीन बोटं झाकतील एवढा तुकडा कापला, बाण बसायला वरच्या दोन बोटांच्या मध्ये खाच ठेवली, मधल्या बोटात अडकवायला मागं वादी शिवली. गुळगुळीत बाजू दोरीकडे घेतली. वादीला शेवटचा टाका घालत असताना सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

"हे भावाला दाखवायला करायलीस का?"

"तुमच्या लेकाची बोटं वाचवायलेय, आत्याबाई."

त्या गेल्या. त्यांचा विश्वास बसला नाही, हे त्यांच्या पाठीवरूनच कळलं. पण पेरं हळूहळू भरत आली आणि ह्यांच्या कपाळावरची मधली रेघ पुन्हा सलग उमटायला लागली.

पंचमीला अण्णा मला माहेरी न्यायला आला. त्याला दारात बघताच सासूबाईंनी ह्यांना शेतावर पिटाळलं. "पाव्हणं, आवंदा हिला धाडता यायचं न्हाई. घरात लय काम हाय," त्या म्हणाल्या. अण्णानं मुक्कामाच्या तयारीनं पिशवी खुंटीला अडकवली. ह्यांनी किती पेरलं, दिवसभर कुठे असतात, एवढंच त्यानं विचारलं. प्रत्येक प्रश्नाला सासूबाई माझ्याकडे बघायच्या, आणि खरं सांगते, मलाही माझ्या सख्ख्या भावाची भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून तो पूजेला बसला. मी भस्माची वाटी पुढे ठेवली. त्यानं बोटं बुडवून कपाळावर ओढली. मधली रेघ दोन ठिकाणी तुटली.

सासूबाईंनी ती माझ्याआधी बघितली असणार. त्या उठून गोठ्यात गेल्या, ते चामडं घेऊन उंबरा ओलांडून आत आल्या आणि त्यांनी ते अण्णाच्या पाटाशेजारी ठेवलं. अण्णानं ते उचलून वादी मधल्या बोटात अडकवून बघितली.

"मला का न्हाई सांगितलंस?" मी अण्णाला विचारलं.

"तुझ्या सासरची माणसं कशी हायती, कुणाला ठाव?"

म्हणजे सासरनं मला कचेरीतल्या माणसाची बहीण म्हणून सांगितलं नव्हतं, आणि भावानं मला परक्या घरची सून म्हणून. एकाच कामात गुंतलेल्या दोन घरांच्या मध्ये मी उभी होते, आणि दोघांनाही संशय माझाच होता. मला रडू आलं, आणि संताप त्याहून जास्त. आता चावडीवर हात पुढे करणारी माझी दोन माणसं होती.

मोटेची सोंड अजून बरीच उरली होती. अण्णाची बोटं ह्यांच्यापेक्षा लांब, ह्यांचा तुकडा त्याला पुरत नव्हता. मी मापाला दोरा घेतला.

"हात पुढं कर," मी म्हणाले.

त्यानं आधी सासूबाईंकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि हात पुढे केला.